स्टुलावरचा इलाज

दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टर तिच्याहून चांगले बारा-पंधरा वर्षांनी मोठे, तेसुद्धा मावशीच म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दातांच्या त्या दवाखान्यात ती कामाला लागली तेव्हा तिची लेक रांगत होती. आता लेक नोकरीला जायला लागली होती. मधली सगळी वर्षं मावशी त्या एका खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी होती, हातात थुंकी ओढायची नळी धरून.

नळी धरणं, अवजारं धुऊन निर्जंतुक करणं, साच्याचा मसाला कालवणं, ही झाली सांगायची कामं. तिचं खरं काम वेगळंच होतं. दाराशी येऊन माघारी वळणाऱ्या माणसाला गोड बोलून खुर्चीत आणून बसवायचं, हे त्या दवाखान्यात तिच्याशिवाय कुणालाच जमत नव्हतं. "बसा हो बिनधास्त," ती म्हणायची, "डॉक्टर काही चावत नाहीत. चावणारे तुम्ही, म्हणून तर ते हातमोजे घालतात." एखादी बाई रडकुंडीला आली की नळी दाखवून म्हणायची, "ही फक्त थुंकी ओढते, घरातली गुपितं नाही ओढत. करा आ." पेशंट हसला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं, आणि डॉक्टरांची सुई आत. "आमच्या मावशींना गंभीर होता येतच नाही," डॉक्टर कौतुकानं सांगायचे. "निम्मी भूल यांच्या बोलण्यानंच चढते."

ते ऐकलं की मावशीला दिवसभर काही खायला लागत नसे.

नवरा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. तो रात्री कधी हाक मारेल याचा नेम नाही, म्हणून मावशी झोपायची ती अर्ध्या कानानं, अंगाचं मुटकुळं करून, दातांवर दात घट्ट आवळून. तो गेला. रात्री हाक मारणारं कुणी उरलं नाही, पण दात आवळायची सवय काही त्याच्याबरोबर गेली नाही. सकाळी उठलं की जबडा असा शिणलेला असायचा की जणू रात्रभर कुणी तिच्याकडून दगड फोडून घेतलेत. उजव्या कानापुढे ठणका, कानशिलात कळ. घास चावताना कट् असा आवाज यायचा. एकदा जेवताना लेक म्हणाली, "आई, तुझ्या कानाशी काय वाजतंय गं?"

"वय वाजतंय," मावशी म्हणाली आणि दोघी हसल्या.

पण दुखणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. महिनाभर अंगावर काढून तिनं डॉक्टरांना सांगितलं.

आता त्या दवाखान्याची एक रीत होती, ती सांगायला हवी. पेशंटला इंजेक्शन दिलं की भूल चढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात डॉक्टर चहाचे दोन घोट घेत, एखादा फोन करत, नाहीतर घरच्या माणसांचं काही असेल तर ते उरकत. घरची माणसं म्हणजे मावशी, झाडणारी, औषधवाला. त्यांना खुर्ची कुठून मिळणार? खुर्चीत पेशंट ओठ बधिर करून बसलेला. म्हणून कोपऱ्यात बेसिनजवळ एक लोखंडी स्टूल होतं, त्याच्यावर बसायचं आणि भिंतीला डोकं टेकून आ करायचं. वर दिवा नाही, खाली चूळ भरायला भांडं नाही. केसपेपर नाही, एक्स-रे नाही, काय होतंय, कधीपासून होतंय, असलं काही विचारणं नाही. "अहो, तुम्ही तर घरच्याच," डॉक्टर म्हणायचे. घरचं माणूस म्हणजे ज्याच्यासाठी वेळ काढावा लागत नाही असं माणूस, एवढाच त्याचा अर्थ होता. मावशीला मात्र तो भलताच मोठा वाटायचा.

डॉक्टरांनी तिच्या दातांमध्ये निळा कागद धरला. "चावा. घासा इकडे-तिकडे. हं. उजवी दाढ उंच लागतेय, म्हणून दुखतंय. जरा घासून देतो." खुर्चीचं मशीन पेशंटजवळ अडकलेलं. बेसिनच्या कट्ट्यावर कवळ्या घासायचं छोटं मशीन पडलेलं असायचं, तेच त्यांनी उचललं. पाण्याची धार नाही, काही नाही. जळकट वास आला, दाताची पिठी जिभेवर पडली, ती बेसिनमध्ये थुंकून मावशी पुन्हा नळी धरायला हजर. सगळं चहा निवायच्या आत.

दोन-चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा ठणका. मग "आता डावी उंच झाली," म्हणून डावी घासली. मग त्याच्या पुढची. टेबल डगमगतं म्हणून एक पाय कापावा, मग दुसरा, असं करता करता टेबल जमिनीला टेकावं, तसा तो कारभार तीन वर्षं चालला. दाढांचे उंचवटे गेले, वरचं कठीण कवच पातळ झालं. गार पाणी लागलं की झिणझिण्या मस्तकात जायच्या. चावायला गेलं तर वरचे दात खालच्यांवर नेमके कुठे टेकवायचे, हेच जबड्याला समजेनासं झालं. दात टेकायला जागा शोधत ती रात्री आणखी आवळायची आणि सकाळी आणखी दुखायचं.

तुम्ही म्हणाल, बाईला इतकी वर्षं दवाखान्यात काढून अक्कल आली नाही? खरं सांगायचं तर मलाही तिचा राग येतो. कारण हेच दुखणं घेऊन पेशंट यायचे, नंबर लावून खुर्चीत बसायचे, आणि मावशी शेजारी नळी धरून ऐकत असायची. डॉक्टर त्यांना इतकं नीट समजावून सांगत की ऐकत राहावं. "हे दाताचं दुखणं नाही. कानापुढे जबड्याचा सांधा असतो, तो आणि त्याला ओढणारे स्नायू दमलेत. घाबरू नका, बहुतेकांचं साध्या उपायांनी बरं होतं. काही दिवस मऊ खा, घास लहान घ्या. जांभई आली की हनुवटीखाली हात धरा. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. दिवसा आठवण ठेवा, ओठ मिटलेले पण दात सुटलेले. व्यायाम शिकवतो ते हळूहळू करा. फार दुखलं तर थोडे दिवस गोळी. रात्री दात आवळत असाल तर मापानं कडक पट्टी करून देतो, स्प्लिंट म्हणतात तिला. एवढ्यानंही नाही भागलं तर पुढे फिजिओथेरपी आहे, स्नायूत इंजेक्शन आहे, सांधा धुऊन घेता येतो, आणि अगदीच वेळ आली तर ऑपरेशन. पण एक लक्षात ठेवा. कुणी म्हणालं दात घासून देतो, तर तिथून उठून या. घासलेला दात केसासारखा पुन्हा वाढत नाही."

हे शब्द तिला पाठ होते. पण ते पेशंटचं दुखणं, असं ती धरून चालायची. आपलं वेगळं. आपली नुसती दाढ उंच आहे. खुद्द डॉक्टरांनी सांगितलंय. शिवाय लोक दोन-दोन तास बाहेरच्या बाकड्यावर ताटकळतात आणि आपलं चहा पिता पिता होऊन जातं, याचा तिला तोराच होता. लेक म्हणायची, "आई, एकदा दुसऱ्या कुणाला दाखव ना." त्यावर मावशी फणकारायची, "डोकं फिरलंय का तुझं? घरचा डॉक्टर असताना बाहेर जाऊ?"

आणि डॉक्टर वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. पण ते तसे नव्हते. तिचा नवरा गेला त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते आले होते, सगळं आटपेपर्यंत उन्हात उभे होते, आणि तिच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "काही लागलं तर मी आहे." मावशीनं ते वाक्य उराशी धरून ठेवलं होतं. असल्या माणसाला आपण कसं म्हणायचं, की सर, मलाही एकदा खुर्चीत बसवून बघा?

मग एका सकाळी तोंड उघडलंच नाही. दात घासायला ब्रश घेतला तर तो आत जाईना. बोटं घालून बघितलं. कसंबसं एक बोट आणि वर थोडं. लेक घाबरून रडायला लागली. मावशीनं पाव दुधात कुस्करून दातांच्या फटीतून ओढला, तोंडाला मास्क लावला आणि कामावर गेली.

डॉक्टर सकाळी कुठल्याशा बैठकीला गेले होते. दवाखान्यात त्यांची सून होती. तीही दातांचीच डॉक्टर. लग्न होऊन आल्यावर तिनं आतल्या खोलीत दुसरी खुर्ची मांडली होती. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. मावशी मिटल्या दातांतून बोलतेय हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

"मावशी, काय झालं? बसा बघू."

मावशी सवयीनं बेसिनकडे निघाली.

"तिकडे कुठे? खुर्चीत बसा."

मावशी खुर्चीत बसली. सून पाठ खाली करत गेली तशी ती आडवी झाली आणि दिवा डोळ्यांवर आला. छतावर ओलीचा एक मोठा डाग होता. इतके पेशंट इतकी वर्षं हा डाग बघत आलेत आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. का कोण जाणे, तेवढ्यानंच तिचे डोळे भरून आले.

सुनेनं दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून जबडा हलवायला सांगितला. मोजपट्टीनं तोंड किती उघडतं ते मोजलं. मग गालाचा स्नायू दोन बोटांत धरून दाबला आणि मावशी किंचाळली. तीन वर्षांत त्या जागेला कुणी हातच लावला नव्हता.

"रात्री दात आवळता का? झोप कशी लागते?"

मावशीनं नवऱ्याचं सांगितलं. हळूहळू, फटीतून, जमेल तसं. सून ऐकत राहिली. घाई केली नाही. "हे बरंचसं सुटेल," ती म्हणाली. "वेळ लागेल, पण सुटेल." मग तिनं आरसा आत घातला आणि दिवा जवळ ओढला. आरसा एका दाढेवरून दुसरीवर फिरत राहिला.

"मावशी, हे दात कुणी घासले?"

नेमके त्याच वेळी डॉक्टर दारातून आत आले. त्यांनी प्रश्न ऐकला. ऐकला हे मावशीनं बघितलं, कारण बॅग ठेवताना त्यांचा हात मधेच थांबला.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता ते म्हणतील. 'मीच जरा जरा घासले होते गं,' एवढंच म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. सासरा-सून, घरातलीच बाब. कोण फासावर देणार होतं? डॉक्टर खिशात चष्मा शोधत होते. चष्मा नाकावरच होता.

"मावशी? कुणी केलं हे?" सुनेनं पुन्हा विचारलं.

आणि मावशीनं त्यांना वाचवलं. त्या उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला, तिच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याला. "बाहेर," ती म्हणाली. "घराजवळ एक होता. त्याच्याकडे."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. खुर्चीजवळ येऊन ते वाकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट उजेडात त्यांनी तिच्या तोंडात बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग तो सावरला, आणि ते म्हणाले, "काय हे मावशी! जन्म माझ्या दवाखान्यात काढलात आणि कुठल्या भोंदूपुढे जाऊन तोंड उघडलंत? मला एका शब्दानं विचारायचं नाही?"

मावशी उताणी पडून त्यांच्याकडे बघत होती. उताण्या माणसाला मान खाली घालता येत नाही.

"चुकलं सर," ती म्हणाली.

पुढचं सगळं सुनेनं केलं, आणि मनापासून केलं. मऊ खाणं, शेक, आरशासमोर उभं राहून हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम, आठवडाभर गोळ्या. साचा घेऊन रात्रीची पट्टी करून दिली आणि दर खेपेला खुर्चीत बसवून ती तपासली. हळूहळू ठणका निम्म्यावर आला, तोंड दोन बोटं उघडायला लागलं. त्यापुढे मात्र जाईना. दाढांवर टोप्या बसवाव्या लागणार होत्या, त्याही जबडा पुरता शांत झाल्यावर. तोवर गार पाणी बंद, कडक खाणं बंद. "सुरुवातीला माझ्याकडे आला असतात, तर नुसत्या पट्टीवर भागलं असतं," सून एकदा हळहळून म्हणाली. मावशीनं मान हलवली.

त्या सकाळनंतर चारच दिवसांनी बेसिनजवळचं स्टूल दिसेना. माळ्यावर टाकलं, असं झाडणारी म्हणाली, डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. मावशी वाट बघत राहिली. एकदा दवाखाना बंद करताना दोघंच होते. डॉक्टर दिवा मालवता मालवता थांबले. "मावशी, त्या दिवशी..." ते म्हणाले. ती वळली. "त्या दिवशी मागवलेले हातमोजे आले का?"

"आले," ती म्हणाली.

घासलेल्या दाढांचा तिला इतका राग नव्हता. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या रात्री पट्टी दातांवर बसवून ती अंथरुणावर पडली आणि तिला चीड आली, अशी चीड की पट्टी करकरली.

त्याच्यानंतर डॉक्टरांनी ती गोष्ट पेशंटना सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा मावशीला वाटलं, बोलता बोलता निघून गेलं असेल. पण नाही. जबड्याचं दुखणं घेऊन कुणी आलं की उपाय सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणायचे, "आमच्या मावशींचंच उदाहरण घ्या. एका भोंदूनं यांचे दात घासून वाटोळं केलं." पुढे पुढे गोष्टीला हातपाय फुटले. भोंदूचं दुकान कसं अंधारं होतं, त्याच्याकडे खुर्ची कशी नव्हती, "आणि कवळ्या घासायच्या मशीननं हो! कल्पना करा!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर संतापानं चढायचा. तो माणूस त्यांना आता कुठेतरी दिसतच असावा. मग ते म्हणायचे, "मावशी, दाखवा." आणि मावशी नळी बाजूला ठेवून पेशंटपुढे दोन बोटं तोंड उघडायची.

असंच एकदा एक बाई आल्या. जबडा धरून, रडवेल्या, वाटेल ते करा पण थांबवा म्हणणाऱ्या. मावशीनं नेहमीसारखं चावण्याचं आणि हातमोज्यांचं सांगून त्यांना हसवलं. त्या खुर्चीत टेकल्या, पण हट्टाला पेटल्या होत्या. "डॉक्टर, ही दाढच घासून टाका ना एकदाची. माझ्या जावेची घासली, तिला बरं वाटलं."

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. अंधारं दुकान, कवळ्यांचं मशीन, सगळं. "दाखवा मावशी."

मावशीनं दाखवलं. बाई पुढे वाकल्या, त्यांनी नीट बघितलं आणि कळवळून म्हणाल्या, "अगंबाई! कुणी केलं हो हे तुम्हाला?"

इतके पेशंट झाले, पण असं तिलाच कुणी विचारलं नव्हतं. मावशीनं मास्क हनुवटीवर ओढला.

"यांनी," ती म्हणाली. "तिथे बेसिनजवळ स्टूल होतं, त्याच्यावर बसवून. तुमच्यासारख्यांची भूल चढेपर्यंत."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि खो खो हसत सुटल्या. डॉक्टरही हसले, जरा उशिरा. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? यांना गंभीर होता येतच नाही."

"गंमत नाही करत हो मी," मावशी म्हणाली. "खरंच यांनी."

बाई आणखीच हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, जबडा दुखला म्हणून गालाला हात लावला, तरी त्यांना हसू आवरेना. "काय बाई आहात हो तुम्ही! निम्मं दुखणं पळालं माझं."

आतल्या खोलीत सुनेचं मशीन चालू होतं. ते थांबलं. मधलं दार उघडंच होतं. मावशी नळी हातात धरून त्या दाराकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.